डोंगरावर हवा होती

बाबा,

जयभीम. इकडं बुलढाण्यात मी बरी आहे. तुमचा गुडघा कसा आहे?

रविवारी काळ्याले घेऊन डोंगरावर गेली होती. झाडाले तार बांधून हॅम रेडिओवर अकोल्याच्या एका काकांशी बोलून राह्यली होती. तेवढ्यात काळ्या माह्या पायात घुसला. तुम्ही राखणीले दिलेला कुत्रा, भुंकलाच नाही. पाहते तं उतरायच्या वाटेवर अस्वल.

काकांनी इचारलं, "आवाज काऊन कापून राह्यला?" मी म्हटलं, "हवा लय आहे." अस्वल जाईपर्यंत मी बोलतच राह्यली. गप्प बसायची हिंमत नव्हती.

आईले वाचून दाखवताना अस्वल गाळा. चार दिवस झाले, आवाज अजून कापतो. म्हणून फोन न करता पत्र लिहून राह्यली.

तुमची,
समता