ड्रॅगनच्या गुहेआधीची फवारणी

आप्पा, तुमच्यावर चिडायला मला पुन्हा एक निमित्त मिळालं आहे. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या दुकानातून हातात मावणारा एक गेम आणलाय, जुने सगळे खेळ आत भरलेले. मामाने दुबईहून आणलेल्या गेमवर मी सातवीत असताना जो खेळ खेळायचो, तोही त्यात निघाला. चार शूर माणसं, गावोगावची भटकंती आणि शेवटी ड्रॅगनची गुहा.

तेव्हाचं आठवतं. दिंडोरीच्या घरी ओट्यावर मी खेळतोय. तुम्ही द्राक्षबाग फवारून येता आणि शेजारी टेकता, कपड्यांना औषधाचा वास. मी पाणी प्यायला उठतो, परत येतो तर पंधरा दिवस खेळात जमवलेल्या औषधाच्या नऊच्या नऊ बाटल्या त्या चौघांना पाजून तुम्ही मोकळे. चौघेही ठणठणीत होते, आप्पा. एकालाही ओरखडा नव्हता. त्या खेळात धडधाकट माणसाला पाजलेलं औषध वाया जातं, हे मी तुम्हाला दहादा सांगितलं होतं. मी रडकुंडीला आलो, तर वर मलाच बोलणी.

"डावणी रोग पानावर दिसल्यावर फवारून काय उपयोग? ढग आले की आधीच मारावं लागतं."

गुहेत चौघे मेले तेव्हा तुम्ही म्हणालात, औषधच हलकं असणार.

मग हे शहाणपण स्वतःला का नाही लावलंत? छातीत कळ यायला लागली, डॉक्टरांनी नाशिकला जाऊन तपासणी करा म्हणून लिहून दिलं. तुम्ही म्हणालात, छाटणी होऊ दे. मग फवारण्या होऊ दे, मग माल निघू दे. माल निघायच्या आत तुम्ही गेलात. वेलीला नुसते ढग बघून औषध, आणि स्वतःला कळ येऊनही नाही. आजही आठवलं की डोकं फिरतं.

आज सकाळी मी गुहेच्या तोंडाशी पोहोचलो. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, तपासणीची वेळ घेतली का. गेल्या महिन्यापासून जिना चढताना मलाही कळ येते.

"हा गेम होऊ दे," मी म्हणालो.

मग काय सुचलं कोणास ठाऊक, होत्या तेवढ्या सगळ्या बाटल्या त्या ठणठणीत चौघांना पाजल्या आणि आत शिरलो. पाच मिनिटांत सगळे आडवे. तुमच्या पद्धतीत काही दम नाही, आप्पा.

हे पत्र गेमच्या खोक्यात ठेवतोय. मला तपासणी लिहून दिलेला डॉक्टरांचा कागदही तिथेच आहे, तीन आठवडे झाले. बायकोला सांगितलंय की कामातून वेळ मिळत नाही. वेळ आहे. भीती वाटते. तुम्हालाही तीच वाटत असणार, आणि मी मात्र इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलो की आमचे आप्पा हट्टी होते.