अनारशांचं आमंत्रण

अल्लीपूर,
अधिक श्रावण, १९८५

जावईबापूंना आशीर्वाद.

मी इंजिनं दुरुस्त करत मोठा झालो, आवाजावरून बिघाड ओळखतो. संक्रांतीला आलात तेव्हा न्हाणीत लघवी करताना तुम्ही कण्हत होता, ते मी अंगणातून ऐकलं. जेवताना रस्सा नको म्हणालात, सब्जा मागितला. "उष्णता झाली जी, मामाजी." मी हसलो, पण संशय काही गेला नाही.

आता शरयूच्या ओटीपोटात कळा येतात. तुमच्या आईनं तिला वांझ ठरवून इथे आणून सोडलं. वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, हा परमा आहे. ही उष्णता नव्हे, संबंधातून एकाचा दुसऱ्याला लागतो. पुरुषाला जळजळ होते म्हणून तो गुपचूप इंजेक्शन घेतो. बाईला कित्येकदा कळतही नाही आणि आत गर्भनळ्या बिघडत जातात. औषध दोघांनी सोबतच घ्यायचं, नाहीतर पुन्हा लागतो.

दर शनिवारी नागपूरला तुम्ही कुणाकडे राहता, हे पुढे विचारणार होतो. तेवढ्यात शरयूनं मागून वाचलं.

"हे वाचून ते येतीन काय, बाबा? आधी त्याइले सुई घेऊ द्या, मंग भांडजा."

पोरीचं खरं आहे. हे पत्र न पाठवता पेटीत ठेवतो. तुम्हाला कार्ड येईल, धोंड्याचा महिना आहे, अनारसे खायला या. अनारसे खरंच केले आहेत, पण ते वर्ध्याहून सुई घेऊन परतल्यावर मिळतील.

तुमची वाट पाहणारा सासरा,
लक्ष्मण