एक्क्याण्णव गुणांचं पेट्रोल

७ जानेवारी, रविवार. बेंबळी
सकाळी अणदूरला गेलो. गाडीला बारा वर्षं झाली म्हणून खंडोबाला नारळ. गाभारा रिकामा. देव वर्षातले दहा महिने अणदूरला आणि दोन महिने नळदुर्गला मुक्कामी असतात, हे जन्मभर वर्गात पोरांना सांगितलं आणि आज नेमकं विसरलो. नळदुर्ग तिथून जवळच. पण हायवेवर उसाचे ट्रॅक्टर, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या. परत फिरलो. भीती म्हणून नव्हे, विवेक म्हणून. नारळ न फोडता परत.
संकल्प : पुढच्या रविवारी नळदुर्ग.

९ जानेवारी, मंगळवार
गाडीतून ठकठक. वळणावर एकदा, खड्ड्यात दोनदा. गाडीत एकटा असलो की मी शाळेतल्या कविता म्हणतो. सातवीचा अख्खा वर्ग मागं बसून साथ देतोय असं वाटतं. आज भुजंगप्रयात ऐन रंगात आलेला, आणि तिसऱ्या गणावर ठक! पुढची ओळच गेली.
फोनवर वाचलं. याला नॉकिंग म्हणतात. ऑक्टेन कमी असलं की पेट्रोल वेळेआधी पेटतं, पिस्टनला भोक पडू शकतं. भोक! दुपारचं जेवण गेलं नाही.

१० जानेवारी, बुधवार
आमच्या मुलाचा, रणधीरचा पुण्याहून फोन. अण्णा, गाडी काय म्हणते? एकवीसला येतोय. कुरकुर करत असेल तर माझा दोस्त महांतेश घ्यायला तयार आहे, या वयात कशाला जिवाला घोर. मी म्हणालो, गाडी ठणठणीत आहे. फोन ठेवून गाडीवर गोधडी टाकून आलो. थंडी फार आहे.
गाडी गेली तर मी कुठं म्हणू कविता? घरात म्हटल्या की ही टीव्हीचा आवाज वाढवते.
अकरा दिवस आहेत. पुष्कळ झाले.

११ जानेवारी, गुरुवार
गाडीचं पुस्तक काढलं. लिहिलंय, ऑक्टेन ९१. म्हणजे बारा वर्षं मी तिला एक्क्याण्णव गुणांवर ठेवलं! पंपावर पंच्याण्णववालं मिळतं. मोठ्या शहरात तर शंभरपैकी शंभरवालंही मिळतं म्हणतात. पोरगं हुशार असून आपण त्याला स्कॉलरशिपला बसवलंच नाही, तसं वाटलं. लाज वाटली.
फिटर बालाजी माझाच विद्यार्थी. त्यानं बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं, कान लावला. म्हणाला, गुरुजी, हे मार्क न्हाईत. ज्या इंजिनाला एक्क्याण्णव सांगितलंय त्याला एक्क्याण्णवच बास, वरचं घालून कायबी फायदा न्हाय. आन् इंजिन लई गुणाचं हाय, आवाजच न्हाय.
मला कळलं. साहेब तपासणीला आले की वर्ग चिडीचूप बसतो, तसं इंजिन बसलंय. बालाजी गणितात कच्चाच होता.

१३ जानेवारी, शनिवार
टाकीत साधं पेट्रोल अजून थोडं आहे. त्यात पंच्याण्णव मिसळलं तर सरासरी खाली येणार. म्हणून शाळेच्या मैदानाला गोल चकरा मारून साधं संपवत आणलं. एकोणचाळीस चकरा. ठकठक एकदाही नाही. म्हणजे इंजिन सुधारण्याच्या विचारात आहे.
चाळिसाव्या चकरेला हेडमास्तरांनी हात करून विचारलं, गुरुजी, काय हरवलंय का?

१४ जानेवारी, रविवार
नळदुर्ग रद्द. भोक पडलेला पिस्टन घेऊन हायवेला कोण जाईल?
धुरपदाबाई, म्हणजे आमची ही, म्हणाली, तो आवाज इंजिनाचा न्हाय, देवाचा हाय. नारळ कबूल करून फोडला न्हाय, म्हणून देव टकटक करून आठवण द्यायलेत. कुठं ठेवलाय तो नारळ? मी म्हणालो, देवघरात असेल. ती म्हणाली, न्हाय. मी म्हणालो, मग असेल कुठंतरी.
चौथी शिकलेल्या बाईला ऑक्टेन समजावून सांगणं अवघड आहे.

१६ जानेवारी, मंगळवार
विजय! धाराशिवला पंच्याण्णव भरलं, टाकी फुल. येताना म्हशीसाठी सरकी पेंडेचं पोतं घेतलं, दुकानातल्या धुळाप्पानं ते डिकीत टाकलं. बेंबळीपर्यंत चकार आवाज नाही! खड्डे मुद्दाम घेतले. कविता सहा कडव्यांपर्यंत गेली. डोळे भरून आले, त्यामुळे एक स्पीडब्रेकर दिसला नाही. तरी आवाज नाही.
बालाजीला उद्या सांगणार.

१७ जानेवारी, बुधवार
सकाळी गड्यानं पोतं उतरवून घेतलं. अकरा वाजता बालाजीकडे निघालो. देवळाच्या वळणावर ठक.
तसाच घरी आलो. गाडी झाकून ठेवली.
पंच्याण्णवचा गुण एकच दिवस टिकतो असं दिसतं. शंभर पाहिजे.

१९ जानेवारी, शुक्रवार
आता गाडी बंद असतानाही ठकठक ऐकू येते. उशीला कान लावला की जास्त. ही म्हणाली, ते तुमचं काळीज हाय.
रणधीरला फोन केला, येताना शंभरवालं पेट्रोल कॅनमधून आण. त्यानं दोनदा विचारलं, कशाला? मग म्हणाला, अण्णा, तुम्ही गाडीला हात लावू नका.
कळलं बहुतेक त्याला.

२१ जानेवारी, रविवार. दुपार
रणधीर आला. स्टेअरिंगवर तो, शेजारी मी, मागं ही. मी मनात प्रार्थना म्हणत होतो. पहिल्याच स्पीडब्रेकरला ठक. रणधीर थांबला, उतरला. बॉनेटकडे गेलाच नाही. सरळ डिकी उघडली, खालची चटई उचलली.
स्टेपनीच्या खळग्यात नारळ. घरंगळून घरंगळून शेंडी पार झिजलेली.
हिनं डिकीलाच हात जोडले. रणधीर हसत सुटला. मग थांबला. म्हणाला, अण्णा, इथं ठेवल्याचं तुम्हाला दोन आठवडे आठवलंच नाही?
पंच्याण्णवमुळं गाडी मऊ चालते, हे सांगायचं होतं. नारळ हातात घेऊन त्याची शेंडी सारखी करत राहिलो.
गाडी राहिली. किल्ली गेली. आमची लेक निकिता धाराशिवला असते, तिच्याकडे. रविवारी ती येऊन फिरवून आणेल.

२८ जानेवारी, रविवार
निकिता आली. ही तिच्या शेजारी बसली, मी मागं. पंपावर तिनं साधं पेट्रोल भरलं. मी खिडकीबाहेर बघितलं.
कुठं जायचं विचारलं तिनं. मी ठामपणे सांगितलं, नळदुर्ग. या खेपेला चूक नाही.
गाभारा रिकामा. पौष पौर्णिमेची यात्रा उरकून देव अणदूरला परत गेलेले.
दोघी मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. निकितानं गाडी अणदूरकडे वळवली. नारळ डिकीत ठेवते म्हणाली. नको म्हणालो. मागच्या सीटवर मांडीवर घेऊन बसलो, दोन्ही हातांनी धरून.
गाडी अगदी शांत चालली होती. कविता म्हणायला घेतली. पहिली ओळ म्हटली. दुसरी आठवेना.
पुढच्या सीटवरून हिनं म्हटली.