हातांवर बसून ऐकायचं क्रियापद

ती. मामा,

तुम्हाला वाकून नमस्कार, मामींना त्याहून थोडं जास्त वाकून. तुमचा गुडघा कसा आहे? (कुठला ते तुम्ही लिहिलं होतं, पण मी पहिल्या पानावरच थांबलो, तेव्हा दोन्हींची खुशाली कळवा.) मी मजेत. छापखाना मी सोडला, बेकरीने मला सोडलं, आणि तीन आठवडे झाले एका घड्याळजींकडे शिकाऊ आहे. मला ठेवायचं की नाही ते शनिवारी ठरणार. मामा, या वेळी मला खरंच राहायचंय. असंच बेकरीतूनही लिहिलं होतं हे मान्य, पण तिथे तो वासाचा परिणाम होता.

घड्याळजींकडे त्यांच्या गुरूंचं एक इंग्रजी पुस्तक आहे, पुठ्ठा निखळलेलं. त्यात प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर एकच शब्द: हार्कन. पहिल्याच दिवशी त्यांनी मला अर्थ विचारला. शाळेत जेवढा टिकलो तेवढ्याच्या बळावर मी सांगितलं, ऐका. मग सरळ लिसन का नाही लिहिलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, छापताना अक्षरांचे खिळे संपले असतील. (आमच्या छापखान्यात एकदा ‘ळ’ संपले होते आणि नेमकी एका गवळ्याची जाहिरात आली होती. असो.) त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि समजावलं, की कानावर पडणं वेगळं, कान देणं वेगळं आणि हे तिसरंच: मन लावून ऐकायचं आणि मग ऐकलेल्याप्रमाणे वागायचं. तुम्ही मामींना ‘हा कार्टा ऐकत नाही’ म्हणायचात तेव्हा माझ्या कानांविषयी तुमची तक्रार नव्हतीच की! तर दुकानाचा नियम असा, की घड्याळ उघडण्याआधी स्टुलावर स्वतःच्या दोन्ही तळहातांवर बसायचं आणि शंभर ठोके ऐकायचे. हात मोकळे राहिले की ते कानांच्या आधी कामाला लागतात, असं त्यांचं म्हणणं.

शब्द मला इतका आवडला, की मी तो जिथे तिथे वापरायला लागलो. पोस्टाच्या खिडकीपाशी म्हणून पाहिला, तर कारकुनाने खिडकीच लावून घेतली. शेवटी एक निवृत्त इंग्रजीच्या बाई दुकानात आल्या, त्यांनाही मी तो ऐकवला, पोस्टातल्या फजितीसकट. त्या म्हणाल्या, बाळा, हा शब्द आता म्हातारा झाला, जुन्या प्रार्थनांत आणि राजांच्या फर्मानांत राहतो, तिकिटं विकणाऱ्या माणसावर तो सोडू नये. दुसऱ्याला ऐकवण्यापेक्षा स्वतःला बजावायला बरा.

बाई आल्या होत्या त्या भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ घेऊन. घरी दहा मिनिटांत बंद पडायचं. घड्याळजी म्हणाले, हे तू बघ, हीच तुझी परीक्षा. मी लगेच उघडलं. (हो, हातांवर न बसता. स्टूल गार होतं.) पुसलं, तेल दिलं, बंद केलं, दुकानाच्या भिंतीवर दोन दिवस झकास चाललं. बाईंच्या घरी टांगलं आणि मी जिना उतरायच्या आत बंद. परत आणलं, परत उघडलं, दुकानात परत झकास. तिसऱ्यांदा त्यांच्या घरी बंद पडलं तेव्हा बाईंनी एक खुर्ची पुढे सरकवली. मी गुपचूप हातांवर बसलो. बाईंनी लंबक हलवला. चाळीस ठोके होईपर्यंत मला भूक, छापखाना आणि तुमचा गुडघा आठवला. मग कळलं, की ते घड्याळ लंगडतंय. टिक लांब, टॉक आखूड. वर पाहिलं तर घड्याळ शेजारच्या दाराच्या चौकटीला अगदी समांतर, आणि चौकटच तिरकी, घर जुनं ना! बाईंनी शिक्षिकेच्या शिस्तीने चौकटीला धरून ते टांगलेलं. मी दोन बोटांनी खालची बाजू डावीकडे सारली. ठोके सारखे पडायला लागले.

‘‘आता ते वाकडं दिसतंय,’’ बाई म्हणाल्या.

‘‘दिसू दे बाई. चालतंय.’’

ते अजून चालू आहे. घड्याळजींना सांगायला धावत आलो, तर ते उठून उभेच राहिले आणि मोठ्या गंभीरपणे बोलायला लागले, ‘‘अरे, तीस वर्षांत माझ्याकडे जेवढे शिकाऊ आले, त्यांच्यात तू...’’ आणि मामा, तेवढ्यात मला तो चौकटीचा भाग सांगायचा राहिलाय हे आठवलं, म्हणून मी सांगितला. संपवून बघतो तर ते परत खाली बसले होते. त्यांच्यात मी काय, ते आता कधीच कळणार नाही.

तुमचा, एका घड्याळापुरता सुधारलेला,
भाचा

ता. क. घड्याळजी म्हणतात, घड्याळाचं ऐकलंस, माणसाचं काय? एका तरी माणसाचं बोलणं मी शेवटपर्यंत ऐकलंय, असं त्या माणसाचं सहीचं पत्र शनिवारपर्यंत आण, मग कायम. मामा, तसं पत्र तुम्ही लिहा. खोटं नकोच. मी निघालो तेव्हा दारात माझ्या पिशवीचा बंद धरून तुम्ही बराच वेळ बोलत होतात आणि मी शेवटपर्यंत मान हलवत उभा होतो, तेच लिहा.

आणखी एक ता. क. घड्याळजी चौकस आहेत, मामा काय म्हणाले होते ते मला नक्की विचारतील. तेव्हा तेही एका वेगळ्या कागदावर लिहून पाठवा. या वेळी शेवटच्या पानापर्यंत वाचेन, हातांवर बसून. (पान उलटायला एक काढावा लागेल, तेवढं चालवून घ्या.)