कुंकू लावलेला कॉम्प्युटर

मंगळवार, दिवेलागण

ओमती बाजारातला कॉम्प्युटरवाला आज तोंडावर म्हणाला, "दीदी, कबाड़ है ये, नया विंडोज इसमें चलेगा ही नहीं." कबाड? दर दसऱ्याला मी या कॉम्प्युटरला कुंकू लावते! घरी येऊन विंडोजच्या जागी फुकट मिळणारं लिनक्स टाकायला बसले. हे म्हणाले, "काहून डोकं लावून राहिली त्याच्यात? नवा घेऊ." अडकलं, परत टाकलं, आणि सुरू झालं की! प्रिंटर अजून ओळखत नाही. हट्ट आहे का माझा? असू दे. यांना म्हटलं, "फॅक्टरीतली तुमची लेथ मशीन आपल्या लग्नाआधीची. तिलाही दसऱ्याला कुंकू लावता. तिला कबाड म्हणू?" आता फडकं घेऊन कॉम्प्युटरवरची धूळ पुसून राहिले आहेत. कुंकू तेवढं सोडून.