मॉनिटरची वायर

महाराज,

तुझं नवं ग्राफिक्स कार्ड आलंय, टेबलावर ठेवलंय. मी ताईकडे चाललेय, परत येणार नाही.

जुन्या कार्डाला काहीही झालेलं नाही. दवाखान्यात आपलं बाळ गेलं, तेव्हा तू गेम सोडून माझा फोन उचलला नाहीस. घरी आल्यावर मीच मॉनिटरची वायर कार्डातून काढून मदरबोर्डला लावली. तेव्हापासून कार्ड नुसतं बसून खातंय, तुझ्यासारखं.

गेम रखडायला लागला. तू कार्डाच्या वयाला नावं ठेवलीस, पण वाकून मागे काही बघितलं नाहीस. भार कमी करायला गेममध्ये हौसेने वरून घातलेल्या जादा गोष्टी, तुझे ते मॉड, एकेक उपटत गेलास. आधी पाऊस काढलास, मग जंगल, शेवटी गेममधली तुझी छोटी मुलगी.

तिला काढताना ढसाढसा रडलास.

म्हणजे रडता येतं तुला.