अर्धशिशीची वही

१० नोव्हेंबर
…अंगण झाडून झालं होतं, पाणी भरून झालं होतं, चुलीवर चहा ठेवला होता, आणि डाव्या डोळ्यापुढं चमचम सुरू झाली. यांनी चहा उतरवला, मला खाटेवर बसवलं, माझ्याच जुन्या लुगड्याची पट्टी डोळ्यांवर बांधली. आमच्याकडे अर्धशिशीवर एकच उपाय. दिवस उगवायच्या आत पूर्वेकडे तोंड करून, डोळे बांधून, दुसऱ्याच्या हातानं गरम जिलबी खायची. खाईपर्यंत पट्टी सोडायची नाही. "सोडू नको, मी आलोच," म्हणून हे जिलबी आणायला सायकलवर फाट्यावर गेले. तिथं ट्रकनं उडवलं. लोक सांगायला आले तेव्हाही मी पट्टी बांधूनच बसले होते. जाताना यांचं तोंड मी पाहिलं नाही. नंतर पाहण्यासारखं उरलं नव्हतं.

आज आरोग्य केंद्रात डॉक्टर दीपमाला मॅडमनी विचारलं, आठवतंय असं शेवटचं मोठं दुखणं कोणतं. मी एवढं सांगितलं. त्या म्हणाल्या, वही करा, त्यात हेही लिहा. डोकं कधी दुखलं, काय खाल्लं, किती झोपलात, काय दिसलं, सगळं लिहा.

साखरखेर्ड्याहून डोणगावला येऊन आठवडा झाला. मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम आहे. मागं एक खोली, चुन्यानं रंगवलेली, दार पूर्वेला. खाट, ट्रंक, कॅलेंडर. मला आवडली. करिष्मा नावाची मुलगी म्हणते, "मावशी, तुमची भाकर आमच्या मायपेक्षा चांगली आहे, पण मायले सांगू नका." शाळेत मी गेले नाही. हे बाजारातून आणायचे त्या पुड्यांचे कागद वाचत वाचत शिकले. मुलींची पुस्तकंही आता वाचते.

गोळी रोज सकाळ-संध्याकाळ, दुखो न दुखो. दुखायला लागलं की वेगळी, पण ती आठवड्यातून दोनदाच. उपाशी राहायचं नाही.

१४ नोव्हेंबर
अकरा वाजता फोडणी देताना चमचम. दुखण्याची गोळी घेऊन खोलीत पडले. चमचमीच्या आत, दारात, हे उभे होते. पायजमा, बंडी, हातात पुडी. तोंड नेमकं चमचमीत गेलं. डोळे फिरवले तर चमचमही बरोबर फिरली. अर्ध्या तासानं कोणी नव्हतं. भीती वाटली नाही. मग संध्याकाळपर्यंत डावं डोकं दुखलं, दोनदा ओकारी.
उंबरा चिकट होता. मुंग्या लागल्या होत्या. झाडलोट करणारी सत्यभामाबाई हसली. "काऊन एवढी पाहून राह्यली वं? पोरींनी काही गोड सांडलं असन."

२४ नोव्हेंबर
दहा दिवस दुखलं नाही. मॅडम खूश. म्हणाल्या, चमचम डोळ्यात नसते, मेंदूत असते, म्हणून नजरेबरोबर फिरते. यांचं सांगितलं तर हसल्या नाहीत. म्हणाल्या, दुखणं कमी होईल तसं तेही दिसेनासं होईल.
येताना रस्त्यात दोनदा थांबले. गोळी लागू पडली, तर हे यायचे नाहीत. मला एकदा तोंड पाहायचं आहे. एकदाच.

२७ नोव्हेंबर
दोन दिवस गोळी घेतली नाही. आज जेवले नाही, उन्हात बसले. तीन वाजता आले. ट्रंकेपाशी. त्या ट्रंकेत ती पट्टी आहे. पुडीचा कागद तेलकट झालेला. तोंड नाही दिसलं.

२ डिसेंबर
पुन्हा उपाशी. पुन्हा आले. खाटेच्या पायाशी. मुंग्यांची रांग उंबऱ्यापासून ट्रंकेपर्यंत, ट्रंकेपासून खाटेपर्यंत. मॅडमसाठी वेगळा कागद केला. त्यावर 'दुखलं नाही' असं लिहिलं.

८ डिसेंबर
मॅडमनी कागद वाचला, मनगट धरलं, घड्याळ पाहिलं. म्हणाल्या, या गोळीनं नाडी सावकाश होते, तुमची पळते आहे. रुख्मिणीबाई, कागद खोटा आहे. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्ही बऱ्या व्हाव्यात म्हणूनच ते त्या दिवशी गेले ना? मी रडले. त्यांच्यासमोर गोळी घेतली. आता रोज घेईन. यांना तसं मनातल्या मनात सांगितलं.

१० डिसेंबर
डोकं दुखत नाही. चमचम नाही. कॅलेंडरवरची तारीख स्वच्छ दिसते. बंडीचं तुटलेलं बटणही दिसतं.
हे खाटेजवळ उभे आहेत.
गळ्याच्या वर चमचम. फक्त तिथंच. मी नजर फिरवली, ती फिरली नाही—

११ डिसेंबर
गेले नाहीत. सत्यभामाबाई पाणी घेऊन आली, यांना वळसा घालून गेली. विचारलं, तर म्हणाली, "वळसा? सरळच तं आली मी." तिच्या टाचेला मुंग्या होत्या.

१२ डिसेंबर
मुंग्या उशीवर. गोळी घेतली. जेवले. झोपले. मॅडमनी सांगितलं ते सगळं केलं. मॅडम तालुक्याला गेल्यात, सोमवारी येतील. सोमवार—
पुडी सोडली आहे. जिलबी गरम आहे, वाफ दिसते. हात माझ्या तोंडापुढं. मी दात आवळून लिहिते आहे.
हे भरवल्याशिवाय जाणार नाहीत. आणि पट्टी बांधल्याशिवाय भरवता येत नाही. पट्टी बांधली, तर तोंड कधीच—
पुडीचा कागद वाचला. सवयच ती. माझं अक्षर आहे. या वहीचं शेवटचं पान. वही उलटून पाहिली, ते पान फाटलेलं आहे. मी नाही फाडलं.
पुडीच्या कागदावर 'दुसऱ्या दिवशी' एवढं वाचता येतं. पुढं तेलाचा डाग—


दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत मी ट्रंकेतून पट्टी काढली, डोळ्यांवर बांधली, पूर्वेकडे तोंड करून बसले, आणि तोंड उघडलं—